चाक बदलले, दिवा विझेना

चाके बदलल्यावर डॅशबोर्डवरचा हवेच्या दाबाचा पिवळा दिवा लागला की लोक हवा भरायला धावतात. दिवा स्थिर असेल तर ते ठीकच. पण गाडी सुरू करताच तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर तक्रार बहुधा यंत्रणेची असते. काही गाड्यांत प्रत्येक चाकात व्हॉल्व्हपाशी सेन्सर असतो. तो आपल्या क्रमांकासह दाब रेडिओलहरींनी कळवतो. नव्या चाकाचा क्रमांक गाडीत नोंदवलाच नसेल तर खतावणीत खाते नाही, रक्कम मांडणार कुठे? काही गाड्यांत असा सेन्सर नसतोच. कमी हवेचे चाक किंचित जास्त फेरे घेते, त्यावरून एबीएसच्या साहाय्याने अंदाज बांधला जातो. तिथे थंड टायरांत हवा भरून रीसेट करावे. दिव्यावर चिकटपट्टी लावणारे महाभागही मी पाहिले आहेत. उद्या खरीच हवा उतरली तर त्यांना कळणार कसे?