चिलटाच्या डोक्यातलं होकायंत्र

केळी जरा जास्त पिकली की ओट्यावर चिलटं घोंघावू लागतात. हाताने हाकललं की उडतात आणि एक गिरकी घेऊन पुन्हा तिथेच येऊन बसतात. शास्त्रज्ञांची लाडकी ड्रोसोफिला ती हीच. तिचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा. त्यात चेतापेशी सुमारे १ लाख ४० हजार. आपल्या मेंदूत जवळपास ८६०० कोटी. पण त्या खसखशीच्या ऐन मध्यावर मेदुवड्यासारखं एक कडं आहे, आणि चिलटाचं तोंड कुणीकडे आहे ते त्या कड्यात दिसतं. अगदी डोळ्यांनी दिसतं!

२०१५ साली अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात योहानेस सीलिग आणि विवेक जयरामन यांनी हे पाहिलं. चिलटाचं डोकं घट्ट धरून ठेवलेलं, पायांखाली हवेवर तरंगणारा इवलासा चेंडू, समोर दिव्यांचा पडदा. पेशी चेतली की चकाकेल, अशी आधीच जनुकीय योजना केलेली. चिलट चालायला लागलं, पायांखाली चेंडू फिरला, पडद्यावरचं दृश्य सरकलं, आणि कड्यातला उजेडाचा ठिपका त्याच बेताने गोल फिरला. मग पडदा विझवला. मिट्ट काळोखातही चिलट वळलं की ठिपका वळत होता. थांबलं की जागच्या जागी तेवत राहत होता.

बाहेरून काहीच दिसत नसताना त्या ठिपक्याला धरून कोण ठेवतं? कुठलीही एक पेशी नाही. कड्यातली प्रत्येक पेशी जवळच्यांना चेतवते आणि तिच्यामुळे लांबच्या पेशी दबतात, म्हणून एका वेळी एकच ठिपका टिकतो. २०१७ मध्ये प्रकाशाचा झोत टाकून कड्यात भलतीकडेच पेशी चेतवल्या, तर जुना ठिपका मावळला आणि नवा तिथे ठाण मांडून बसला. वळण्याची सोय तर मला फारच सुंदर वाटते. पेशींचे आणखी दोन संच आहेत. त्यांच्या तारा कड्यात परत येताना एकेक घर सरकवून जोडलेल्या आहेत, एकाच्या या बाजूला, दुसऱ्याच्या त्या बाजूला. चिलट वळलं की एका संचाचा जोर वाढतो आणि तो ठिपक्याला पुढच्या घरात ढकलतो. दिशेची आठवण म्हणतात ती या जोडणीतच नांदते.

डोक्याची दिशा सांगणाऱ्या पेशी जेम्स रँक यांना १९८४ मध्येच उंदराच्या मेंदूत सापडल्या होत्या. त्या कशा चालत असतील हे समजण्यासाठी पुढच्या दशकात अभ्यासकांनी असंच एक कडं कल्पून गणितं मांडली. उंदराच्या मेंदूत त्या पेशी काही गोलाकार बसलेल्या नाहीत. कागदावरचं ते कडं खरोखरच्या गोल आकारात मिळालं ते चिलटाच्या डोक्यात.

आत्ता एक चिलट केळ्याच्या देठावर बसून पुढचे पाय एकमेकांवर चोळतंय. त्याचा ठिपका या क्षणी स्थिर असणार.