मोहनखेड्याचा बिंदू आणि देवासची हद्द

संगणकी नकाशात मोहनखेड्याचं जैन तीर्थ म्हणजे एक बिंदू, राजगडकडून येणारा रस्ता ही रेषा आणि धार जिल्हा हा बहुभुज. ही व्हेक्टर माहिती. प्रत्येक आकृतीला नाव, साल, अंमल यांचा तक्ता जोडता येतो. जुन्या नकाशाचा स्कॅन मात्र रास्टर, म्हणजे नुसते रंगीत चौकोन. त्यातली हद्द आपणच गिरवायची.

धारच्या पवारांचे भाऊबंद देवासला. तिथं हे गिरवणं अवघड होतं. थोरल्या आणि धाकट्या पातीची गावं एकमेकांत मिसळलेली, देवास शहरसुद्धा दोघांचं. एका पातीभोवती सलग रेघ ओढली, की दुसरीची गावं आत गेलीच म्हणून समजा! तुकडे सुटे गिरवून तक्त्यात एकाच पातीखाली जोडावेत. अंमलाचा शेवट १९४८, मध्य भारतातलं विलीनीकरण.