घसारा : वहीतला आणि वाहनातला

बँकेत कर्जखाती तपासताना व्यापारी बांधवांचे असंख्य ताळेबंद डोळ्यांखालून गेले. मोटारगाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा धरला की हिशेब पुरा झाला, असे तेव्हा वाटे. वाहन मात्र वही पाहून झिजत नाही, हे निवृत्तीनंतर उमगले.

एका वैशाखात विवाहासाठी सहकुटुंब सांगलीला निघालो होतो. हवा भरण्यासाठी निगडीत थांबलो. गाडी फारशी वापरात नसल्याने टायरची नक्षी नव्यासारखी होती. पंक्चर काढणाऱ्या तरुणाने मात्र टायरच्या बगलेवरील केसासारख्या बारीक भेगा दाखविल्या आणि तेथील चार अंक वाचायला लावले. पहिले दोन निर्मितीचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ‘काका, हे टायर धावून नाही, उभे राहून म्हातारे झालेत,’ तो म्हणाला. चारही टायर बदलूनच पुढे निघालो. मागच्या आसनावर नातवंडे होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

टायरच्या रबरात मेण मिसळलेले असते. चाक फिरताना ते हळूहळू पृष्ठभागावर येते व हवेतील ओझोनपासून रबराचे रक्षण करते. उन्हात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीला हे कवच पुरेसे लाभत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवावी, हवा तपासावी. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बाद समजावा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कशीही असो, त्याला निवृत्त करावे. चकाकीसाठी डिझेल किंवा रॉकेल चोळणे टाळावे. त्याने रबर फुगते व कमकुवत होते.

चाकण-भोसरी पट्ट्यातील धूळ कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे गाडीवर काचकागद घासणेच होय. आधी पाणी, मग मऊ ओले कापड. डॅशबोर्डचे प्लास्टिक उन्हाने ताठरते आणि तडकते. काचेमागे ऊनपडदा लावावा. तेलकट पॉलिशची चकाकी समोरच्या काचेत उमटून चालकाची दृष्टी दिपवते. स्टिअरिंग व पेडलला तर ते लावूच नये, हात-पाय घसरतात. चामडे टाळणाऱ्या आपल्या घरांत आसने रेक्झिनची वा कापडी असतात. रेक्झिन सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करावे. कापडी आसने व पायपुसणी पावसाळ्यात ओली राहिल्यास बुरशी धरतात.

एक हिशेब व्यापाऱ्यांनी अवश्य ध्यानी घ्यावा. नेहमीच्या सर्वंकष विम्यात अपघातानंतर काचेवर घसारा कापला जात नाही. रबर, प्लास्टिक व टायरवर मात्र तब्बल ५० टक्के कापला जातो. अर्धा भार आपलाच. नुसत्या जुनेपणाने तडकलेल्या टायरची तर भरपाईच नाही.

दुकानाचा टेम्पो असो वा घरची गाडी, रोकड मोजतो त्याच नियमाने रविवारी सकाळी चारही चाकांभोवती एक फेरी मारावी. त्याला पाच मिनिटे पुरतात.