एका ‘लाइक’चा धडा

इंटरनेट आणि समाज हा विषय शिकवताना परदेशी उदाहरणांमागे कशाला धावायचे? आपले पालघर आहेच. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. मैत्रिणीने त्या नुसत्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ त्यांच्यावर लावले गेले. श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम रद्द केले. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ हे त्यातले शब्द इतके सैल, की कुणीही अडकावे! विद्यार्थ्यांनी गाइडऐवजी मूळ निकालच वाचावा. खरी मेख मात्र पुढे आहे. रद्द झालेल्या या कलमाखाली २०२१पर्यंत गुन्हे नोंदवले जातच होते.