तारखा फोनमध्ये ठेवू, पण दवाखान्याच्या कार्डावरून



गेल्या वर्षावासात आमच्या विहारात दर पौर्णिमेला प्रवचनानंतर आम्ही बीपी तपासत होतो. आश्विन पौर्णिमेला रांगेतल्या एका आजींचं बीपी १९०/११० निघालं. गोळ्या चालू आहेत का विचारलं, तर म्हणाल्या, "संपल्या गं बाई, पाच दिवस झाले." सोबतची सून एकदम कावरीबावरी झाली. तिने फोन काढून आम्हाला दाखवला. तीन आठवड्यांपूर्वी तिने फोनमधल्या एआय सहायकाला मराठीतच सांगितलं होतं, की आईंच्या गोळ्या संपायच्या आधी आठवण कर. "हो, नक्की आठवण करून देईन," हे त्याचं उत्तर पडद्यावर तसंच होतं. आम्ही फोनमधलं कॅलेंडर उघडलं. त्यात काहीच नोंद नव्हती.

आजींना त्याच संध्याकाळी सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि आज त्यांची तब्येत ठीक आहे. पण बीपी वाढलेलं बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. गोळी चुकल्याचं शरीर लगेच सांगत नाही आणि एखाद्या दिवशी एकदम लकवा मारतो. म्हणून हा विषय या पानावर घेतला आहे.

लक्षात न राहणं हा गुन्हा नाही

त्या सुनेला कोणी बोल लावू नये. ती चार घरची कामं करते, पोरांची शाळा बघते. बाळाचं लसीकरण, नणंदेची गरोदरपणाची तपासणी, सासूबाईंच्या गोळ्या, सगळ्या घराच्या तारखा तिच्या एकटीच्या डोक्यात. आपल्या बहुतेक घरांत हीच गत आहे.

खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. त्यांचं औषधपाणी आणि पथ्य माईसाहेब सांभाळत, आणि त्या स्वतः डॉक्टर होत्या. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी माईसाहेबांचे आणि डॉ. मालवणकरांचे ऋण मानले आहेत. एवढ्या मोठ्या माणसालाही औषधासाठी सोबत लागली. मग आपण मदत घेतली तर त्यात कमीपणा कसला?

एआय सहायक काय करतो?

आपण बोललेलं किंवा लिहिलेलं समजून उत्तर देणारा हा फोनमधला प्रोग्राम आहे. जेमिनाय, चॅटजीपीटी ही नावं तुम्ही ऐकली असतील. मराठीत बोललेलंही त्यांना कळतं. पण दोन कामांतला फरक समजून घ्या. गप्पा मारून उत्तर देणं हे एक काम आणि कॅलेंडरमध्ये खरोखर नोंद करणं हे दुसरं. सहायक कॅलेंडरला जोडलेला असेल आणि त्याला तशी परवानगी दिलेली असेल तरच नोंद होते. जोडलेला नसेल तरी तो कधी कधी "हो, करतो" असं म्हणून मोकळा होतो. आजींच्या घरी हेच झालं.

म्हणून पहिला नियम: सहायकाला सांगून झालं की लगेच कॅलेंडर उघडा, ती तारीख काढा आणि नोंद डोळ्यांनी बघा. पहिल्यांदा करताना पाच मिनिटांनंतरची एखादी आठवण लावा. फोन वाजला तरच पुढचं काम त्याच्यावर सोपवा.

तारीख कार्डावरून घ्या

दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे. सहायकाला तारीख विचारू नका, त्याला तारीख सांगा.

बाळाचं उदाहरण घ्या. पेंटाव्हॅलंट लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना देतात. जन्मतारीख सांगितली की सहायक झटक्यात तीन तारखा काढून देतो. पण ताप आला, गावी गेलो, म्हणून पहिली लस नवव्या आठवड्याला झाली असेल तर? दोन डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं. म्हणजे दुसरी लस तेराव्या आठवड्याच्या आधी देता येत नाही. सहायकाला हे माहीत नसेल तर तो दहावा आठवडाच धरून बसेल, आणि आई एक दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यातून हात हलवत परत येईल. सिस्टरने माता व बाल संरक्षण कार्डावर पुढची तारीख लिहिलेली असते. तीच सांगा.

तारीख सांगताना महिना अक्षरांत बोला. कार्डावरचं ०५/०६ म्हणजे आपल्यासाठी ५ जून. काही फोन अमेरिकन पद्धतीने आधी महिना धरतात आणि त्याचा ६ मे करतात. "पाच जून" म्हटलं की घोळ होत नाही.

सांगायचं कसं?

"गोळ्यांची आठवण कर" एवढं पुरत नाही. असं सांगा: "दर महिन्याच्या २० तारखेला सकाळी आठ वाजता आठवण लाव. आईंच्या बीपीच्या गोळ्या आणायच्या, फाइल आणि जुनी चिठ्ठी सोबत घ्यायची." गोळ्या २८ तारखेला संपत असतील तर आठ दिवस हाताशी राहतात. दवाखान्यात त्या दिवशी साठा नसला तरी दुसरी फेरी मारता येते.

तपासणीची आठवण दोन दिवस आधीचीही लावा. रोजंदारीवरच्या बाईला मुकादमाला किंवा कामाच्या घरी आधी सांगावं लागतं. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. ९ तारखेला सकाळी फोन वाजून काय उपयोग? ७ तारखेला वाजला तर सुट्टी मागता येईल.

रोजच्या गोळ्यांच्या वेळा आपल्या खऱ्या दिवसाप्रमाणे ठेवा. सफाईच्या कामाला पहाटे निघणाऱ्या माणसाला "नाश्त्यानंतर, सकाळी नऊ" ही वेळ निरुपयोगी आहे. तुमचं उठणं, जेवण, पाळी सिस्टरला सांगा, तिच्याकडून वेळा ठरवून घ्या आणि मग त्या फोनमध्ये घाला. गरोदरपणातल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, कारण कॅल्शियममुळे लोह अंगी कमी लागतं. दोन्हींच्या आठवणींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी चुकली तर पुढच्या वेळी आपल्या मनाने दोन घेऊ नका. डोस कमी-जास्त करायचं तर सहायकाला विचारू नका, डॉक्टरांना विचारा.

घरातलं गुपित घरात

आमच्या विदर्भात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर गोळी रोज लागते आणि ठरल्या वेळी रक्त तपासावं लागतं. तारखा सांभाळायला फोन चांगला. पण लग्नाच्या वयाच्या मुलीच्या फोनवर, चारचौघांत, पडदा बंद असतानाही "सिकलसेलची गोळी" अशी अक्षरं उमटली तर? टीबी आणि एचआयव्हीचंही तेच. तिथे नुसतं "सकाळचं काम" लिहा. फोनच्या सेटिंगमध्ये बंद पडद्यावरचा मजकूर लपवता येतो, तोही लपवा. रिपोर्टचा, आधार कार्डाचा फोटो सहायकाला देऊ नका. आठवण लावायला आजाराचं नाव, आडनाव, पत्ता यांतलं काहीच लागत नाही. फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असेल तर काय लिहायचं हे त्या बाईने स्वतः ठरवावं.

दुसरीकडे, ज्या तारखा लपवायच्या नाहीत त्या घरात वाटून घ्या. आजींच्या गोळ्यांची आठवण आता त्यांच्या मुलाच्या फोनवरही वाजते, आणि गेल्या महिन्यात गोळ्या त्यानेच आणल्या. भिंतीवरचं कॅलेंडरही काढू नका. फोन हरवतो, बंद पडतो. पौर्णिमेच्या तारखासुद्धा छापील कॅलेंडरवरूनच घ्या, कारण सहायक त्या कधी कधी बिनदिक्कत चुकीच्या सांगतो.

येत्या पौर्णिमेला विहारात येताना कार्ड, गोळ्यांची पाकिटं आणि फोन घेऊन या. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी वंदनेनंतर अर्धा तास थांबावं आणि एकेका आजीशेजारी बसून कार्डावरची तारीख फोनमध्ये घालून द्यावी. नोंद झाली की आजींना ती दाखवा आणि आठवण वाजते कशी तेही एकदा ऐकवा. बीपीचं यंत्र घेऊन आम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर आहोतच.

नमो बुद्धाय. जयभीम.