घरपोच माल आणि वाटेत राहिलेला कर

आपल्या संस्थेच्या सभासदांत दुकानदार आहेत, तसेच गिऱ्हाईकही आहेत. पुष्कळ घरांत एक भाऊ गल्ल्यावर बसतो आणि दुसऱ्या भावाच्या दारी ऑनलाइन मागविलेल्या मालाचे खोके येऊन पडते. म्हणून अशा खरेदीवरील कराचा प्रश्न हा आपणां सर्वांच्याच घरचा प्रश्न होय. तो किचकट भासतो खरा. परंतु हिशेब मांडला की उलगडतो.

विक्रीकर हे राज्यांच्या उत्पन्नाचे जुने साधन. पण विकणारा एका राज्यात आणि घेणारा दुसऱ्या राज्यात असेल, तर कर कोणी घ्यावा? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली एक निर्णय दिला व १९५५ साली तो फिरविला. अखेर १९५६ साली घटनेत सहावी दुरुस्ती झाली आणि केंद्रीय विक्रीकर कायदा आला. त्याअन्वये माल जेथून निघेल त्या राज्याच्या पदरी कर पडू लागला. त्या काळी घरगुती वस्तू परराज्यातून थेट मागविणारी कुटुंबे विरळाच होती. त्यामुळे या व्यवस्थेतील उणीव संसारी माणसाच्या ध्यानात आली नाही.

ऑनलाइन दुकाने आली आणि ती उणीव उघडी पडली. २०१५ सालचे उदाहरण घेऊ. त्या वर्षी सर्वसाधारण वस्तूंवर तेलंगणात साडेचौदा टक्के, तर महाराष्ट्रात साडेबारा टक्के मूल्यवर्धित कर होता. १०,००० रुपयांची वस्तू सुलतान बाजारात घेतली, तर १,४५० रुपये तेलंगणाच्या तिजोरीत जात. तीच वस्तू पुण्याच्या विक्रेत्याकडून मागविली, तर १,२५० रुपये महाराष्ट्राला मिळत. गिऱ्हाइकाचे वाचले २०० रुपये. तेलंगणाचे बुडाले १,४५०. गणेशोत्सवाचा प्रसाद हैदराबादेत घ्यावा आणि वर्गणी मात्र पुण्याच्या मंडळाला द्यावी, तसाच हा प्रकार!

याचे परिणाम तीन. पहिला, ज्या गावचे रस्ते व रुग्णालये आपण वापरतो, तेथील राज्याचे उत्पन्न घटते. दुसरा, भाडे व नोकरांचे पगार सोसून बसलेल्या दुकानदाराला स्वतःची काही चूक नसता दराच्या फरकाने मार खावा लागतो. तिसरा परिणाम सहसा ध्यानात येत नाही. तिजोरीतील तूट भरून काढण्याचा भार उरलेल्यांवर येतो. म्हणजे ज्यांना ऑनलाइन खरेदी जमत नाही अशा वृद्धांवर आणि गरिबांवर. अर्थात ऑनलाइन माल स्वस्त मिळतो तो केवळ करामुळे नव्हे. घाऊक खरेदी हेही त्याचे कारण आहे. सर्व दोष कराच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

काही राज्यांनी अशा मालावर प्रवेशकर बसवून पाहिला. असा कर राज्यांना लावता येतो, मात्र परराज्यातील मालाशी भेदभाव करता कामा नये, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०१६ मध्ये ठरविले. अमेरिकेतही हीच अडचण होती. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ सालच्या निर्णयामुळे, ज्या विक्रेत्याचे राज्यात दुकान वा कोठार नाही त्याला कर गोळा करण्याची सक्ती करता येत नसे. तो कर गिऱ्हाइकाने आपण होऊन भरावा अशी अपेक्षा होती. पण भरणारे थोडे. साउथ डाकोटा या राज्याने झुंज दिली आणि २०१८ साली तो निर्णय बदलला.

आपल्याकडे तोड निघाली ती १ जुलै २०१७ पासून, वस्तू व सेवा कराने. आता माल जेथे वापरला जातो, त्या राज्याला राज्याचा वाटा मिळतो. पुण्याहून हैदराबादेस आलेल्या १०,००० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के कर असेल, तर १,८०० पैकी ९०० रुपये तेलंगणाचे. शिवाय दर सर्व राज्यांत एकच असल्याने शहर बदलून कर वाचविण्याचा मोह उरला नाही. १ ऑक्टोबर २०१८ पासून ऑनलाइन बाजार चालविणाऱ्या कंपन्या विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का कापून सरकारात भरू लागल्या. १० जुलै २०२४ पासून हे प्रमाण अर्ध्या टक्क्यावर आले. ही रक्कम विक्रेत्याच्या खाती जमा धरली जाते, पण विक्रीची नोंद मात्र सरकारदप्तरी राहते. विक्री लपविणे त्यामुळे अवघड झाले.

तरीही एक भगदाड उरतेच, आणि ते बुजविणे कायद्याइतकेच आपल्याही हाती आहे. “बिल नको असेल तर थोडे कमी घेतो,” असे म्हणणारा विक्रेता दुकानातही भेटतो आणि दूरध्वनीवरही. तेथे वाचलेले चार पैसे कोणा शेजाऱ्याच्या खिशातून जातात, हे आपण विसरू नये. संस्थेला दिलेल्या एका रुपयाची पावतीही आपण मागून घेतो. मग दारी आलेल्या खोक्याचे बिल का मागू नये? एवढी सवय घरोघरी लागली तरी पुष्कळ काम झाले, असे आम्हांस वाटते.