मानसशास्त्रात एम.ए. करायचंय? फॉर्म भरण्याआधी ठरवा, पुढं काम कुठलं करायचंय

पदवीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावात एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालं, आता पुढं काय?" त्याच आठवड्यात मोबाईलवर जाहिराती सुरू होतात. तीन महिन्यांत समुपदेशक व्हा, घरबसल्या सर्टिफिकेट मिळवा, महिन्याला एवढे कमवा. पालकांना वाटतं, पोरीला शहरात ठेवायचा खर्च वाचला. पोरांना वाटतं, दोन वर्षं वाचली.

इथंच गडबड होते. दोन वर्षं आणि घरातले पैसे घालवून झाल्यावर कळतं की हातातली पदवी ज्या कामासाठी घेतली, त्या कामाला ती चालतच नाही. म्हणून आधी कोर्सचं नाव बघू नका. आधी काम ठरवा, मग त्या कामाला कुठली पदवी लागते ते बघा आणि शेवटी कॉलेज निवडा. हा उलटा हिशोब सोपा आहे, पण फॉर्म भरण्याच्या आधीच करावा लागतो.

तीन माणसं, तीन वेगळी कामं

गावात सगळ्यांनाच 'डोक्याचा डॉक्टर' म्हणतात. प्रत्यक्षात तिघं वेगळे आहेत.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हा एम.बी.बी.एस. करून पुढं या विषयात शिकलेला डॉक्टर असतो. मनाच्या आजारावर औषध लिहून देण्याचं काम त्याचं. मानसशास्त्रात एम.ए. केलेल्या कुणालाही औषध लिहिता येत नाही.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा गंभीर मानसिक आजारांची तपासणी, चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतो. यासाठी नुसतं एम.ए. पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, या केंद्रीय संस्थेची मान्यता असलेलं शिक्षण आणि तिथली नोंदणी लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आरसीआयच्या मान्यतेशीच जोडलेली आहे.

समुपदेशक म्हणजे काउन्सेलर. परीक्षेचा ताण, नवरा-बायकोतले वाद, व्यसन सोडताना लागणारा आधार, कर्जामुळं आलेली निराशा, घरातल्या मृत्यूचं दुःख अशा प्रसंगी माणसाचं ऐकून घेणं आणि त्याला त्याची वाट शोधायला मदत करणं हे त्याचं काम. समुपदेशन मानसशास्त्रातलं एम.ए. मुख्यतः या कामासाठी आहे.

फाटा कुठं फुटतो?

बहुतेकांची समजूत अशी असते, की आधी एम.ए. करू, मग बघू काउन्सेलिंग की क्लिनिकल. पण रस्ता त्याच्या आधीच फुटतो.

बऱ्याच विद्यापीठांत एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षी विशेष विषय घ्यावा लागतो. क्लिनिकल, समुपदेशन, औद्योगिक असे पर्याय असतात. काही ठिकाणी समुपदेशन मानसशास्त्राचं एम.ए. पहिल्या दिवसापासून वेगळंच असतं. इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गुणपत्रिकेवर 'क्लिनिकल' हा शब्द आला म्हणून आरसीआयची नोंदणी मिळत नाही. तो अभ्यासक्रम आणि ती संस्था आरसीआयच्या मान्यताप्राप्त यादीत असेल, तरच ती मिळते.

आजवरचा नेहमीचा रस्ता असा होता : एम.ए. झाल्यावर आरसीआय मान्यतेच्या संस्थेत, हॉस्पिटलमध्ये राहून दोन वर्षांचं एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, एम.फिल. बंद केलं. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला मात्र २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत मुभा दिली. आरसीआयनं दरम्यान नवे अभ्यासक्रम आणले आहेत. म्हणून ज्याला क्लिनिकलकडंच जायचंय, त्यानं सीनियरनं तीन वर्षांपूर्वी काय केलं ते विचारून चालणार नाही. आरसीआयच्या वेबसाइटवर यंदाची यादी उघडायची, त्यात संस्थेचं नाव शोधायचं आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं.

घरबसल्या एम.ए. : नियम बदललाय

ग्रामीण भागातल्या अनेकांनी, विशेषतः लग्न झालेल्या मुलींनी आणि नोकरी करणाऱ्यांनी, मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्रात एम.ए. केलंय. शेती, संसार, नोकरी सांभाळून शिकायचा तोच एक रस्ता होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीनं सांगितलं, की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी संबंधित काही विषयांत दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पद्धतीनं नवे प्रवेश देता येणार नाहीत. यामागं २०२१ चा सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा केंद्रीय कायदा आहे. त्या कायद्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि आरोग्य क्षेत्रातले समुपदेशकही येतात. माणसाच्या आरोग्याशी थेट संबंध असलेलं काम नुसतं पुस्तक वाचून शिकता येत नाही, असा यामागचा विचार आहे.

अडचण खरी आहे, विशेषतः मुलींची. पण म्हणूनच कुणी आजही "घरी बसून मानसशास्त्रात एम.ए., प्रवेश सुरू" असं सांगत असेल, तर पैसे भरण्याआधी त्या सत्रासाठी यूजीसीची परवानगी आहे का, हे लेखी मागा. फोनवर "हो हो, आहे" म्हणणं म्हणजे परवानगी नव्हे. ही बंदी नव्या प्रवेशांवर आहे, हेही ध्यानात घ्या.

आणि ते तीन महिन्यांचं सर्टिफिकेट? त्यातून चार गोष्टी शिकायला मिळतील. पण ती एम.ए.ची जागा घेत नाही आणि सरकारी जाहिरातीतली पदव्युत्तर पदवीची अट त्यानं पूर्ण होत नाही.

तुम्हाला काय करायचंय? त्यावरून रस्ता

१. शाळा-कॉलेजात मुलांबरोबर काम करायचंय : समुपदेशनाचं एम.ए. घ्या आणि प्रात्यक्षिक शाळेत मिळेल असं बघा. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी निर्देश दिले. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात आहे. म्हणजे या कामाला मागणी आहे. लगेच प्रत्येक गावात पगारी जागा निघेल, असा मात्र त्याचा अर्थ नाही. जे आधीच शिक्षक आहेत त्यांना पूर्ण एम.ए. न करता एनसीईआरटीचा मार्गदर्शन आणि समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा हाही पर्याय आहे.

२. सरकारी आरोग्य विभागात काम करायचंय : एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशनाची आयसीटीसी केंद्रं, किशोरवयीन मुलामुलींसाठीची मैत्री क्लिनिक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतला प्रेरणा प्रकल्प. यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. पात्रता जागेनुसार बदलते. कुठं मानसशास्त्र चालतं, कुठं समाजकार्य, कुठं दोन्ही. म्हणून प्रवेशाआधी एक काम करा. जिल्हा परिषद किंवा जिल्हा रुग्णालयाच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या जाहिराती शोधा आणि त्यातली 'शैक्षणिक अर्हता' ही ओळ वाचा. ती ओळ तुम्हाला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगेल.

३. गावोगाव फिरून, संस्थांबरोबर काम करायचंय : अशा वेळी एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी जास्त जवळची ठरू शकते. एका माणसाच्या मनाबरोबरच त्याचं कर्ज, रेशन, घरातली मारहाण, सरकारी योजना हे सगळं एकत्र बघायला त्यात शिकवतात.

४. प्राध्यापक व्हायचंय : एम.ए. नंतर नेट किंवा सेट, आणि पुढं पीएच.डी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. या वाटेला संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र पक्कं लागतं. प्रबंधाचा पर्याय असेल तर तो घ्या.

५. हॉस्पिटलमध्ये गंभीर आजारांवर काम करायचंय : वर सांगितलेला आरसीआयचा रस्ता. जास्त वर्षं, थोड्या जागा, घराबाहेर राहणं. घरच्यांशी हे आधीच मोकळेपणानं बोला.

कॉलेजला विचारायचे पाच प्रश्न

इमारत बघून भुलू नका. हे विचारा :

- दोन वर्षांत विद्यार्थी खऱ्या माणसांबरोबर किती तास बसतो? नुसतं वर्गात एकमेकांवर सराव करतो की शाळा, दवाखाना, व्यसनमुक्ती केंद्रात जातो?
- त्या वेळी मागं उभं राहणारं कोण असतं? म्हणजे विद्यार्थ्यानं केलेलं काम ऐकून, तपासून "इथं चुकलं, इथं बरोबर" असं सांगणारा अनुभवी माणूस आहे का? याला सुपरव्हिजन म्हणतात.
- शिकवणारे कायम आहेत की तासिका तत्त्वावर? त्यातले किती जण स्वतः समुपदेशन करतात?
- मराठीत पेपर लिहिता येतो का? काही विद्यापीठांत येतो, काही ठिकाणी सगळं इंग्रजीतच.
- मागच्या दोन बॅचची मुलं आज कुठं काम करतात? दोघा-तिघांशी फोनवर बोलायला मिळेल का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं गोलमाल आली, तर ते कॉलेज कितीही जवळ असलं तरी दोनदा विचार करा. काठावर बसून पोहायला येत नाही, तसंच हे आहे. समोर बसलेला माणूस रडायला लागला की काय करायचं, गप्प बसला तर किती वेळ थांबायचं, हे पुस्तकातून कळत नाही.

ज्यांचं बी.ए. दुसऱ्या विषयात झालंय त्यांनी पात्रतेचा नियम आधीच बघावा. काही ठिकाणी इतर शाखेच्या पदवीधरांना घेतात, काही ठिकाणी नाही. टिसमध्ये अलीकडं प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतो आणि तिचा फॉर्म निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्ती बघावी. त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

गावात काम करणं वेगळं असतं

शहरातला समुपदेशक आणि त्याच्याकडं येणारा माणूस बाहेर कधी भेटत नाहीत. गावात दोघं एकाच दुकानात किराणा घेतात. तुमच्याकडं येणारी बाई तुमच्याच भावकीतली असू शकते. तिनं सांगितलेलं घरी, पारावर, कुणाजवळही बोलायचं नाही, आईजवळसुद्धा नाही. हे जमणार असेल तरच या वाटेला या. जवळचं नातं असेल तर स्वतः न बसता दुसऱ्या समुपदेशकाकडं पाठवायचं, हेही शिकावं लागतं.

गुप्ततेलाही मर्यादा आहेत. माणूस जीव द्यायच्या बेतात असेल, तर घरच्यांना आणि डॉक्टरला सांगावंच लागतं. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अर्धवट शिकलेल्याला हे माहीत नसतं आणि त्याची किंमत समोरच्याला मोजावी लागते. प्रात्यक्षिकाच्या तासांबद्दल एवढा आग्रह धरायचा तो यासाठीच. यात नुसता तुमच्या नोकरीचा प्रश्न नाही. भरवसा ठेवून येणाऱ्या माणसाचा जीवही यात गुंतलेला असतो.

एक गोष्ट मात्र ग्रामीण मुलामुलींच्या बाजूची आहे. इथला माणूस "मला डिप्रेशन आहे" असं म्हणत नाही. तो म्हणतो, डोकं जड झालंय, जेवण गोड लागत नाही, कशातच जीव रमत नाही. या बोलण्यामागचं दुखणं ओळखायला तीच भाषा बोलणारा माणूस लागतो. इंग्रजी कमी पडतं म्हणून माघार घेऊ नका. इंग्रजी शिकता येतं. गावाची भाषा तुमच्याकडं आधीच आहे, तिला चांगल्या शिक्षणाची जोड द्या.

फॉर्म भरायच्या आधी एवढं करा : कुठलं काम करायचंय ते एका कागदावर लिहा, त्या कामाच्या दोन जाहिराती वाचा, संस्थेची मान्यता वेबसाइटवर स्वतः तपासा आणि शिकून गेलेल्या दोघांशी बोला. एवढ्याला एक आठवडा पुरतो.

(मनावर ताण असेल, झोप लागत नसेल, नको ते विचार येत असतील तर टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. मराठीतही बोलता येतं. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये हा नंबर सेव्ह करून ठेवा.)